जपानची धम्मयात्रा : जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

(संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्यातील अनेक कुटुंबे बोधगया, सारनाथ, कुशीनारा करून आली आहेत. आता काहीजण जपानला जाण्याचा विचार करीत आहेत. आयुष्यभर पै-पै जमवून माणूस एकदाच एवढ्या लांब जातो. त्या पैशाचे चीज व्हावे, केवळ फोटो काढून परत येऊ नये, म्हणून चार उपयोगाच्या गोष्टी आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ओळखण्याची. जपानमध्ये दोन प्रकारची पवित्र स्थाने शेजारी-शेजारी असतात. बौद्ध विहाराला 'तेरा' म्हणतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी बहुधा 'जी' किंवा 'इन' येते. तोदाईजी, होर्यूजी, ब्योदोइन ही तशी नावे. शिंतो देवस्थानाला 'जिंजा' म्हणतात आणि त्याच्यापुढे दोन खांबांची 'तोरी' नावाची कमान असते. जिंजासमोर लोक दोनदा वाकतात, दोनदा टाळ्या वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात. विहारात टाळी वाजवायची नाही. तेथे शांतपणे हात जोडायचे. आपल्याला हे सोपे आहे, कारण ती आपलीच पद्धत आहे. नकाशावर स्वस्तिकाचे चिन्ह दिसले तर दचकू नका. जपानी नकाशात ते बौद्ध विहाराचेच चिन्ह आहे.

दुसरी गोष्ट आचरणाची. दारातून जाताना उंबरठ्यावर पाय देऊ नये, ओलांडून जावे. अगरबत्तीची ज्योत फुंकर मारून विझवू नये, हाताने वारा घालावा. आत जाताना जोडे काढावे लागतात, म्हणून चटकन निघणारे जोडे आणि न फाटलेले स्वच्छ मोजे घालावेत. मुख्य मूर्तीचा फोटो बहुतेक ठिकाणी काढू देत नाहीत. पाटी वाचता येत नसेल तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारावे. पुष्कळ विहार दुपारी साडेचार-पाचला बंद होतात, म्हणून सकाळी लवकर निघावे. 'गोशुइन' नावाचा शिक्का आणि सुलेखन घेण्यासाठी वही मिळते. प्रत्येक शिक्क्यासाठी साधारण 300 ते 500 येन द्यावे लागतात. मात्र आधी दर्शन घ्यावे, मग वही पुढे करावी. ती वही सह्या गोळा करण्याची नव्हे, दर्शनाची खूण आहे.

तिसरी गोष्ट दिवसांची. आपण वैशाख पौर्णिमेला बुद्धजयंती करतो. जपानमध्ये भगवान बुद्धांचा जन्मदिवस 8 एप्रिलला असतो. त्याला 'हाना मात्सुरी' म्हणजे फुलांचा उत्सव म्हणतात. फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवतात आणि लहानथोर सर्वजण तिच्यावर गोड चहा ओततात. संबोधीचा दिवस 8 डिसेंबर, महापरिनिर्वाणाचा 15 फेब्रुवारी. पूर्वजांच्या स्मरणाचा 'ओबोन' बहुतेक भागात ऑगस्टच्या मध्यावर येतो. त्या आठवड्यात सारा देश गावी निघतो, गाड्या भरून वाहतात आणि उकाडाही असह्य असतो. शक्यतो ते दिवस टाळावेत.

प्रवासखर्चाबद्दल एकच सांगतो. परदेशी पाहुण्यांसाठी रेल्वेचा जो सात दिवसांचा पास आहे, तो ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर गेला. जुनी माहितीपुस्तके पाहून तो डोळे झाकून घेऊ नये. क्योतो, नारा, ओसाका, कोयासान एवढेच करायचे असेल तर साधी तिकिटे स्वस्त पडतात.

आता कुठे जावे ते पाहू. नारा येथील तोदाईजीमध्ये सुमारे पंधरा मीटर उंचीची ब्राँझची महाबुद्धमूर्ती आहे. इ. स. 752 मध्ये तिचा नेत्रोन्मीलन विधी झाला, तेव्हा हातात कुंचला घेऊन मूर्तीचे डोळे रेखणारा भिक्खू भारतीय होता. त्याचे नाव बोधिसेन. तो 736 मध्ये जपानला पोहोचला आणि परत न येता तेथेच देह ठेवला. त्या मूर्तीसमोर उभे राहताना हे माहीत असले तर आपण परके वाटत नाही.

नाऱ्याजवळच होर्यूजी आहे. राजपुत्र शोतोकूने 607 च्या सुमारास तो स्थापन केला. तेथील लाकडी इमारती जगातील सर्वांत जुन्या शिल्लक लाकडी इमारती मानल्या जातात. तेथील भित्तिचित्रे पाहून अभ्यासकांना आपल्या अजिंठ्याची आठवण झाली. दुर्दैवाने 26 जानेवारी 1949 रोजी लागलेल्या आगीत ती करपली. जपानी लोक नुसते हळहळत बसले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला आणि 26 जानेवारी हा दिवस अशा वास्तूंच्या अग्निसुरक्षेसाठी पाळला जाऊ लागला. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठीही पुढे जपानने कर्जरूपाने साहाय्य केले. लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्या आपल्या तरुणांना ही हकिकत सांगितली पाहिजे.

तिसरे ठिकाण कोयासान. वाकायामा प्रांतात सुमारे आठशे मीटर उंचीवर, कुकाई या आचार्याने 816 मध्ये वसवलेले हे शिंगोन पंथाचे पीठ. ओसाकातील नाम्बाहून रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जायचे आणि तेथून केबलकारने वर. तेथे शंभरावर विहार असून त्यांपैकी सुमारे पन्नास विहारांत यात्रेकरूंना राहता येते. या मुक्कामाला 'शुकुबो' म्हणतात. जेवण संपूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. ते संध्याकाळी सहाच्या सुमारासच वाढतात, म्हणून उशिरा पोहोचू नये. पहाटेच्या वंदनेला बसू देतात, ती चुकवू नये. हिवाळ्यात बर्फ असते, गरम कपडे हवेतच. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, येथील कोयासान विद्यापीठात सप्टेंबर 2015 मध्ये विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यासाठी महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः गेले होते.

प्रदेशाप्रदेशात फरक आहे, तोही ओळखावा. तोक्योत 'आरिगातो' म्हणतात, तर क्योतो-ओसाकाकडे जुन्या दुकानांत 'ओओकिनी' ऐकू येते. आपणही ते म्हटले की समोरचा माणूस खुलतो. शिकोकू बेटावर 88 विहारांची सुमारे बाराशे किलोमीटरची पदयात्रा आहे. पांढऱ्या वेषातील यात्रेकरूला वाटेवरचे लोक फळ, चहा, कधी चार नाणी देतात. त्याला 'ओसेत्ताई' म्हणतात. ते नाकारू नये. देणाऱ्याच्या मनात ते दान आहे.

काही गोष्टी आपल्याला खटकतील. तेथील बरेचसे भिक्खू विवाहित असतात. विहार बापाकडून मुलाकडे जातो. 1872 मध्ये तेव्हाच्या सरकारने भिक्खूंच्या विवाहावरील आणि मांसाहारावरील बंदी उठवली, तेव्हापासून ही रीत सर्व पंथांत पसरली. आपल्या कल्पनेतला चीवरधारी भिक्खू तेथे शोधू नये, आणि दिसला नाही म्हणून नाकही मुरडू नये. कान देऊन ऐकले तर आपलेच शब्द सापडतात. 'नामू' म्हणजे नमो, 'बिकू' म्हणजे भिक्खू, 'केसा' म्हणजे काषाय, आणि कबरीमागे उभ्या केलेल्या लाकडी फळीला 'सोतोबा' म्हणतात, तो आपला स्तूप. शिंगोन पंथाच्या फळ्यांवर सिद्धम् लिपीतली अक्षरे असतात. देवनागरी वाचणाऱ्याला त्यांत ओळखीची वळणे दिसतात.

आणि आता मुख्य मुद्दा. जपान हा बौद्ध देश, तेव्हा तेथे उच्चनीचता नसेलच, असे समजून आपण जातो. तसे नाही. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, शिक्षेची कामे करणे असे व्यवसाय माथी मारलेला एक वर्ग तेथे शतकानुशतके वस्तीबाहेर ठेवला गेला. त्यांना 'एता', 'हिनिन' अशी हीन नावे होती. 1871 च्या हुकुमाने ती नावे कागदावरून गेली, मनातून गेली नाहीत. इतकेच नव्हे, तर मृत्यूनंतर विहारातून जे धम्मनाम देतात, त्यातही या लोकांसाठी पशू, दास अशा अर्थाची अक्षरे घालून ती दगडावर कोरली गेली. माणूस मेला तरी जात मेली नाही.

पण तेथील माणसे गप्प बसली नाहीत. 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये त्यांनी 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संघटना उभारली आणि माणसाने माणसाचा आदर करावा असा जाहीरनामा वाचला. त्यांचा एक अग्रणी साईको मान्किची हा स्वतः एका बौद्ध विहारात जन्मलेला होता. पाचच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट हवी होती.

पुढे 1979 साली अमेरिकेतील एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव नाही असे सांगितले. त्यावर मोठा निषेध झाला. अखेर ते विधान मागे घेण्यात आले आणि पंथाने आपल्या विहारांतील नोंदी तपासून ती अपमानकारक नावे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. 2016 मध्ये संसदेने हा भेदभाव नष्ट करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. याचा अर्थ प्रश्न अजून आहे, आणि तो आहे हे मान्य करण्याइतके धैर्यही आहे.

म्हणून माझी विनंती आहे की नारा प्रांतात जाल तेव्हा गोसे येथील सुइहेइशा संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा. मात्र रस्त्यावर भेटलेल्या माणसाला 'तुमची ती वस्ती कोठे?' असे विचारू नये. आपले आडनाव ऐकून कोणी आपल्याला गाव आणि आळी विचारली, तर पोटात जे कालवते, तेच त्यालाही होते.

बंधू-भगिनींनो, बुद्धमूर्ती किती मोठी आहे यावरून तो देश किती बौद्ध आहे हे ठरत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? जपानकडून स्वच्छता घ्यावी, वेळ पाळणे घ्यावे, जुन्या ठेव्याची निगा राखणे घ्यावे. आणि विहारात झालेली चूक विहारानेच दुरुस्त करायची असते, हेही तेथून शिकून यावे. जाण्यापूर्वी घरातल्या मुलांना बोधिसेनाची आणि सुइहेइशाची गोष्ट सांगा. परत आल्यावर याच सभागृहात बसून काय पाहिले ते आम्हाला सांगा.



भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!