बापाच्या नावाचा रकाना

पांढरकवड्यात जमलेल्या सर्व प्रतिनिधींना स्वागत समितीचा जोहार. झरी जामणी, मारेगाव, घाटंजीच्या पोडांवरून मजुरी बुडवून आलेल्या कोलाम, गोंड, परधान, आंध बायांना तर अगदी पुढे बसवून जोहार. ही परिषद त्यांची आहे.

झरी जामणी तालुक्याचे नाव राज्यभर गेले ते कुमारी मातांच्या बातम्यांमुळे. तेलंगणाच्या सीमेलगतच्या या भागात रस्त्याची, जंगलाची कामे निघाली, तसे ठेकेदार, मुकादम, ट्रकवाले आले. लग्नाचा शब्द देऊन कोलाम मुलींना नादी लावले आणि काम आटोपताच माणूस पसार. बातमीत मुलीचे वय आले, जात आली, गाव आले. पुरुष बहुधा बिननावाचाच राहिला. याला नुसती फसवणूक म्हणून चालणार नाही. हप्त्याची मजुरी ज्याच्या खिशात, त्याला ‘नाही’ म्हणायची सोय किती मुलींना असते?

विदर्भाने हे आधीही पाहिले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवून दोघा पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती! वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बाया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

कायदा बदलला, पण कचेरीतली खिडकी बदलली नाही. मूल शाळेत जायचे होते आणि अर्जावर बापाच्या नावाचा रकाना येतो. जातीच्या दाखल्याला बापाकडची वंशावळ आणि ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. माणूस पळाला, पुरावा मागायचा तो आईला. हा अत्याचाराचाच पुढचा भाग आहे, असे स्वागत समिती स्वच्छ मानते.

वास्तविक, बाप बिगरआदिवासी असला तरी केवळ तेवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. मूल आदिवासी आईने तिच्या समाजात वाढवले आणि तिच्यासारखेच हाल त्याने सोसले, हे दाखवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका खटल्यात सांगितले. एकल आईने प्रतिज्ञापत्र दिले की मुलाला जन्मदाखला द्या, हा आदेश २०१५ चा.

दुपारच्या सत्रात वकील मंडळी हे दोन्ही निकाल समजावून सांगतील. अर्ज भरून घेणारी टेबले मांडवाच्या डाव्या हाताला आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी कोलामी आणि गोंडी बोलणाऱ्या मुली तिथे बसल्या आहेत. जेवणाआधीच तिकडे जावे, दुपारनंतर गर्दी होईल.