मोडण्याची मुभा



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावाआधी ‘तंत्रस्नेही’ असे छापले आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या शिक्षण खात्यात हा शब्द फार चालला. तंत्रस्नेही शिक्षक, तंत्रस्नेही शाळा, तंत्रस्नेही केंद्र. छापणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण हे विशेषण मला अंगाला घट्ट होते. स्नेह म्हटला की रुसवाफुगवा आला, भांडण आले, न विचारता एकमेकांच्या स्वयंपाकघरात शिरणे आले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत यंत्रांशी माझे तसे क्वचितच जमले. बहुतेक यंत्रे शाळेत आली ती व्याह्यांसारखी. चांगल्या खोलीत बसवायची, वरून कापड घालायचे, आणि काही कमीजास्त होऊ नये म्हणून सगळ्यांनी जपून राहायचे.

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७मध्ये, खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायला काही साहित्य असावे, इतकी साधी ती अपेक्षा. दोनपैकी एक शक्यतो शिक्षिका असावी, असेही त्यात होते. मी अशीच एक ‘दुसरी शिक्षिका’ म्हणून १९८८ साली घाटावरच्या एका वाडीत रुजू झाले. शाळेत लोखंडी कपाट होते आणि कपाटात नवी कोरी विज्ञान पेटी. मी हात पुढे केला तसे मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, “बाई, पेटी तेवढी राहू द्या. मला पुढच्या वर्षी चार्ज द्यायचाय.”

समोरचे काही जण हसले. ज्यांनी शाळेतल्या वस्तू मोजून चार्ज दिला-घेतला आहे, तेच हसले असणार.

गुरुजी निवृत्त झाले आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात मी पेटी उघडली. भिंग, चुंबक, परीक्षानळ्या. भिंगातून मुलांनी मुंगीचे पाय मोजले, स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेषा पाहिल्या, उन्हात धरून वाळके पान जाळले. पानानंतर एका मुलाने दुसऱ्याच्या सदऱ्याला भोक पाडले, तेही प्रयोगातच धरा. चौथ्या दिवशी भिंग दगडावर पडून फुटले. तपासणीत शाळेच्या वस्तूंच्या नोंदीला, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला, भिंग एक आणि पेटीत भिंग शून्य. सव्वीस रुपयांची वसुली माझ्या पगारातून झाली. रकमेपेक्षा वाईट हे, की पुढची दोन वर्षे मीही ते कपाट उघडले नाही. गुरुजींना मनातून नावे ठेवणारी मी, सव्वीस रुपयांत गुरुजी झाले.

आज मला एवढेच बोलायचे आहे. शाळेत कोणते यंत्र आले, हा प्रश्न आपण फार विचारतो. ते मोडले तर काय होईल, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आणि शिक्षक तर मनात तोच घेऊन वर्गात उभा असतो.

जी साधने टिकली, त्यांच्याकडे पाहा. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. फळीवर धूळ पसरायची, अक्षर काढायचे, चुकले की हात फिरवायचा. मग पाटी-पेन्सिल आली, फळा आला. चूक फुकट आणि दुरुस्ती हाताच्या अंतरावर, हा या सगळ्यांतला समान गुण. खडूचा तुकडा झाला तर दोन खडू होतात. खडू कोणी कुलपात ठेवत नाही आणि त्याचा चार्जही कोणी देत नाही.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला जे काम सुरू केले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई माँटेसरीच्या विचारांतून आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबतच्या कामातून घडलेल्या. माँटेसरीची साधने रेखीव, मोजूनमापून केलेली, आणि महाग. वारली पाड्यावर ती परवडणार कशी? मग बिया आल्या, शिंपले आले, खडे आणि पाने आली. गरिबीवरचा तोडगा म्हणून आपण याचे कौतुक करतो, ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिंपला हरवला तर मूल घाबरत नाही आणि बाईही घाबरत नाही. अरविंद गुप्ता आयआयटीत शिकलेले अभियंते. त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे यांतून भूमिती उभी केली, आणि पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे टाकाऊतून खेळणी केली. मुलाने खेळणे मोडावे हाच त्याचा उत्तम उपयोग, असे ते सांगत आले आहेत. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये या विचाराला रकाना नाही.

आता जरा मोठ्या यंत्रांकडे. चित्रपटामुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे एडिसन १९१३मध्येच सांगून बसला होता. तेव्हापासून दर पंधरा-वीस वर्षांनी कोणी ना कोणी तेच सांगतो, फक्त यंत्राचे नाव बदलतो.

आपल्याकडचा मोठा प्रयोग म्हणजे ‘साइट’, उपग्रहावरून खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, नासाचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची यंत्रणा, सहा राज्यांतली २,४०० गावे. महाराष्ट्र त्यांत नव्हता. काम नेटके होते. खेड्यांत संच बसवले एवढ्यावर न थांबता ते चालू ठेवण्याचीही सोय केली होती, आणि एवढे भान पुढच्या कितीतरी योजनांना राहिले नाही. पण वर्ष संपले आणि उपग्रह परत अमेरिकेच्या दिशेला नेला गेला. ठरल्याप्रमाणेच झाले, कोणी फसवले नाही. तरी त्या गावांतल्या मास्तरांचा विचार मनात येतो. कालपर्यंत संध्याकाळी पडद्यावर माणसे बोलत होती, आज नाहीत, आणि यात आपल्या हातात काहीच नव्हते.

त्याच सुमारास गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात दुसरे काम चालू होते. पीज गावी कमी शक्तीचे प्रक्षेपण केंद्र, कार्यक्रम जिल्ह्यापुरते, त्यांत गावातलीच माणसे आणि त्यांचीच बोली. बोलण्यात ‘साइट’चे नाव नेहमी पुढे असते आणि खेडा मागे राहतो. माझ्या मते शाळेने शिकायला हवे ते या खेडा प्रयोगाकडून.

पुण्यात १९८४पासून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी होती. तिचे शीर्षकगीत ऐकू आले तर या सभागृहातली चाळिशीपुढची अर्धी मंडळी आत्ता गुणगुणायला लागतील. २०१७मध्ये ती संस्था बंद झाली. तिकडे पेरू देशाने मुलांना आठ लाखांवर लॅपटॉप वाटले आणि ३१९ शाळांच्या अभ्यासात भाषा-गणितात फरक सापडला नाही. यावर पुष्कळ बोलले गेले आहे, मी पुढे जाते.

२०१५नंतरची आपली डिजिटल शाळांची लाट आपल्या सर्वांच्या अंगावरून गेली आहे. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. गावाने जत्रेच्या वर्गणीतून पैसे बाजूला काढून टॅब घेतले. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याची थट्टा मी करणार नाही. लोकांनी मनापासून दिले. पण त्या वर्गणीत दिव्याचे पैसे नव्हते, बॅटरीचे नव्हते, थकलेल्या वीजबिलाचे तर नव्हतेच. केंद्रप्रमुख म्हणून फिरताना मला मीटर काढून नेलेल्या शाळेत स्मार्ट टीव्ही दिसला आहे. वरचे कापड मात्र दर शनिवारी धुतलेले.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड घरोघरी माहीत झाला. त्या गोष्टीची सुरुवात कुठे आहे, हे मात्र आपण विसरतो. पुरस्कार देणाऱ्यांनी सांगितले ते असे: मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक दुसऱ्या भाषेत. आधी शिक्षकाने ती भाषा समजून घेतली, पाठ मुलांच्या भाषेत नेला, कोड त्यावर चिकटला. आपण त्यातला कोड तेवढा उचलला. पुरस्काराच्या आधीच, २०२०च्या मार्चमध्ये, शाळा बंद झाल्या आणि कळले की पुस्तकावर कोड आहे, घरात फोन एक आहे, आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. माझ्या केंद्रातल्या एका शिक्षिकेने त्या काळात वाडीतल्या आज्यांच्या गोष्टी फोनवर ध्वनिमुद्रित केल्या आणि रात्री आठनंतर, वडील घरी आल्यावर, पाठवल्या. एका आजीला मध्येच खोकला आला. तो तसाच ठेवला. मुलांनी त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या, खोकल्यासकट.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या तोंडावर, मी एका शाळेत वाचन शिकवणारे अॅप पाहत होते. मूल मोठ्याने वाचते, अॅप ऐकते, चूक-बरोबर सांगते. तिसरीतला मुलगा वाचत होता. ‘पाणी’ या शब्दाला तो ‘पानी’ म्हणाला. लाल खूण. पुन्हा म्हणाला, पुन्हा लाल. चौथ्यांदा त्याने टॅब माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “बाई, ह्याला आमचं कळत न्हाय.”

कोणत्याही शिक्षकाच्या कानाला कळले असते की पोराला वाचता येतेय. अक्षर त्याने ओळखले, अर्थ लावला, घरात म्हणतात तसा उच्चार केला. ‘ण’ पुढे येईल, घाई काय आहे? ‘पानी’ही बरोबर धरता येईल का, हे विचारायला मी मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा तरुण फार नम्र होता. म्हणाला, “मॅडम, तो पर्याय शाळेच्या लॉगिनला नाहीये.”

पूर्वी कपाटाची किल्ली निदान माझ्याकडे होती. भित्री होते, पण किल्ली होती. या नव्या कपाटाची किल्ली शाळेत नाही, तालुक्यातही नाही. आतले काही माझ्या मुलांच्या बेताचे नसले, तर ते मी मोडू शकत नाही आणि जोडूही शकत नाही. मी फक्त चालू करू शकते.

हे असेच असावे लागते, असे मात्र नाही. अंध विद्यार्थी संगणकावर पडदा वाचून दाखवणारे जे एनव्हीडीए वापरतात, ते मायकल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात सुरू केले, २००६मध्ये, आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण लवकरच त्याला येऊन मिळाला. मोफत आहे, आणि कोणालाही आतून उघडता येते. म्हणून ते जगभरच्या लोकांनी आपापल्या भाषेत नेले. त्यातला आवाज मराठी वाचतो, यांत्रिक वाचतो, पण वाचतो. माझी एक विद्यार्थिनी त्यावर पदवीधर झाली. तिच्यासमोर तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही.

म्हणून खात्याच्या अधिकाऱ्यांना, जे समोर बसले आहेत आणि ज्यांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, एक मागणे आहे. शाळेला वस्तू देताना तिच्याबरोबर तुटफुटीची मान्यता द्या. निर्लेखनाचा, म्हणजे मोडलेली वस्तू रजिस्टरमधून कमी करण्याचा, अधिकार मुख्याध्यापकाला द्या. पाच वर्षांनी फायली हलवून एका भिंगाचे निर्लेखन होते, तोवर ती तुकडी दहावीला पोचलेली असते. आणि अॅप विकत घेताना करारात लिहून घ्या, की शिक्षकाला त्यात शब्द घालता येईल, काढता येईल, आणि ‘पानी’ला हिरवी खूण देता येईल. प्रशिक्षणे आहेत तेवढी पुरेत. ‘पुढची स्लाइड’ हे शब्द मी सेवेत जितके ऐकले, तितके मुलांनी पाढेही म्हटले नसतील.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या मंडपाच्या डाव्या बाजूला एक टेबल दिसेल. त्यावर बंद पडलेले सात टॅब, दोन जुने फोन, एक प्रोजेक्टर आणि पेचकसांचा डबा ठेवला आहे. हे सगळे माझ्या आणि शेजाऱ्यांच्या घरचे आहे, कुठल्याही शाळेच्या रजिस्टरला नाही. संयोजकांची परवानगी काढली आहे. ज्यांनी आजवर एकही यंत्र उघडून पाहिले नाही, त्यांनी आधी यावे. बॅटरीला मात्र पेचकस लावू नका. बाकी जे मोडेल त्यावर सही मी करीन.