तळाशी उरलेला प्रकाश



जबलपूर हे तलावांचे शहर. काही तलाव बुजले, तरी राणीतालासारखी नावे वस्त्यांना चिकटून राहिली. उन्हाळ्यात अशा उथळ तलावाचे पाणी हिरवे होते, कारण तांबडा आणि निळा प्रकाश शेवाळ वरच्यावर शोषून घेते. खाली, प्राणवायू नसलेल्या गाळावर पोहोचतो तो बराचसा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. त्यावर जांभळे जीवाणू जगतात.

प्रकाशसंश्लेषण म्हणजे हिरवे पान आणि प्राणवायू, हे समीकरण शाळेत इतके घट्ट बसते की या जीवांना त्यात जागाच उरत नाही. ते पाण्याचे विघटन करीत नाहीत. म्हणून प्राणवायूही सोडत नाहीत.

इतक्या तुटपुंज्या प्रकाशावर त्यांचे भागते कसे? १९९५ मध्ये ग्लासगो येथील शास्त्रज्ञांनी अशा एका जीवाणूच्या प्रकाशग्राही संकुलाची रचना उलगडली. प्रथिनांच्या नऊ जोड्यांचे ते एक कडे आहे. त्यात जीवाणू-हरितद्रव्याचे २७ रेणू बसवलेले असतात: नऊ सुटे-सुटे, अठरा एकमेकांना जवळजवळ खेटून. रेणू एकाच जातीचे; परंतु प्रथिनाने दिलेल्या जागेमुळे पहिले ८०० नॅनोमीटरजवळचा प्रकाश टिपतात, दुसरे ८५० जवळचा. बैठक बदलली की गुण बदलतो!

टिपलेली ऊर्जा फार काळ टिकत नाही. सेकंदाच्या साधारण अब्जाव्या भागात ती वाया जाईल. म्हणून नऊंच्या कड्याकडून ती अठरांच्या कड्याकडे सेकंदाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागात जाते. तेथे ती एकाच रेणूपाशी नसते, अनेकांत मिळून असते. पुढे शेजारच्या मोठ्या कड्यात, आणि त्याच्या मध्यभागी असलेल्या अभिक्रिया-केंद्रात. कड्याकडून कड्याकडे जाताना ऊर्जा किंचित उतरते, त्यामुळे ओघ बहुतांशी केंद्राकडेच राहतो. या केंद्राच्या रचनेसाठी डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८ चे नोबेल मिळाले.

केवळ रंगावरून मात्र ओळख पटवू नये. २०२० साली गुलाबी झालेल्या लोणार सरोवरात पुण्याच्या आघारकर संस्थेला आढळले ते मीठप्रिय हॅलोआर्किया. ते जीव निराळे.

जांभळे जीवाणू पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. तलावाचा गाळ, वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक उंच काचेच्या बरणीत घालून वर तलावाचे पाणी भरावे, झाकण सैल ठेवावे, बरणी खिडकीशी ठेवावी. काही आठवड्यांत मधोमध जांभळट पट्टा उमटू लागतो. वास मात्र घरच्यांना सोसावा लागतो.