उचल आकाशातून दिसत नाही
(नॉटिंगहॅममधल्या मराठी कामगारांच्या बैठकीतलं भाषण)



मी एका संशोधन संस्थेत धोरणाचं काम बघतो. "म्हणजे करतोस तरी काय?" असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. आज तेच सांगतो, कारण त्या कामात तुमचा वाटा मोठा आहे.

याच शहरातल्या विद्यापीठात राइट्स लॅब आहे. वेठबिगारी कशी थांबवायची, यावर तिथं संशोधन चालतं. तिथल्या संशोधकांनी 2018 साली उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पाकिस्तान, उत्तर भारत, नेपाळ आणि बांगलादेशातल्या वीटभट्ट्यांचा अंदाज काढला. आकडा आला 55,387. मोठं काम झालं. पण भट्टीवरच्या माणसानं उचल किती घेतली, ती फिटली की वाढतच गेली, हे आकाशातून दिसत नाही. ते त्यानंच सांगावं लागतं.

माझं काम इथं सुरू होतं. कामगारानं सांगितलेलं आणि संशोधकानं तपासलेलं सरकारपुढं मांडायचं, नियमात भोक कुठं आहे ते दाखवायचं.

एक उदाहरण घ्या. 2004 च्या फेब्रुवारीत मोरकंबच्या खाडीत शिंपले वेचणारे किमान 21 चिनी मजूर भरतीत बुडाले. त्याच वर्षी कायदा झाला. शेती, शिंपले वेचणं आणि अन्नप्रक्रिया या कामांना माणसं पुरवणाऱ्यांना, म्हणजे आपल्या भाषेत मुकादमांना, परवाना सक्तीचा झाला. त्यासाठी नेमलेल्या संस्थेनं मुख्य कार्यालय इथं नॉटिंगहॅममध्येच थाटलं.

आता भोक बघा. काम मिळवून दिलं म्हणून कामगाराकडून पैसे घ्यायला इथल्या एजन्सीला बहुतेक कामांत बंदी आहे. पण आपण पैसे मोजतो ते गावाकडच्या एजंटाला, तेही रोख, बिनपावतीचे. जमीन गहाण पडते ती तिकडं, आणि कर्ज फिटेपर्यंत मुकाट राबतो आपण इकडं. ऊसतोडीच्या उचलीत नि यात फरक काय? कागदच नसेल तर हे कर्ज सरकारला दिसणार कसं?

म्हणून तीन गोष्टी करा. रोजचे तास वहीत स्वतःच्या हातानं लिहा. पगाराची चिठ्ठी मागून घ्या. एप्रिल 2019 पासून तो नुसत्या कायम नोकरांचा नाही, इतर कामगारांचाही हक्क आहे. आणि एजंटाला दिलेल्या प्रत्येक रुपयाची तारीख टिपून ठेवा.

उद्या आमच्यासारखा कुणी प्रश्न विचारायला आला, तर आधी तुम्हीच त्याला विचारा: तू कुणाचा माणूस? माझं नाव कुणाला कळणार? मालकापर्यंत जाणार का? उत्तर पटलं नाही तर सरळ नाही म्हणा. तोही तुमचा हक्कच आहे. पटलं तर मात्र मोकळेपणानं बोला. तुमच्या वहीतल्या नोंदी हातात असल्या, तर सरकारपुढं माझं म्हणणं टिकतं. नाहीतर तो नुसता माझा शब्द राहतो.