सुरतेच्या हातांची ओळख
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दहा दिवसांत या व्यासपीठावरून तरुणांबद्दल हमखास बोललं जातं आणि बहुतेक वेळा ती तक्रारच असते. मुलं मंडळात येत नाहीत, आरती पाठ नाही, मराठी बोलतात तेही गुजराती वळणाचं. आज आम्ही तक्रार करायला उभे नाही. आम्ही चाळिशीतले. ज्येष्ठांच्या लेखी अजून पोरं आणि पोरांच्या लेखी काका. मध्ये उभं राहिलं की दोन्हीकडचं थोडं थोडं दिसतं, तेवढंच सांगायचं आहे.

आपल्या घरातला नोकरी करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी घ्या. अंकलेश्वर, दहेज, वापी, हजिरा, नाहीतर रिंगरोडवरचं ऑफिस. आई उठायच्या आत पोर घराबाहेर पडतं. मासिक पास, मेमूची वेळ, ठरलेला डबा, ठरलेली जागा. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, अप-डाउन. गुजरात क्वीन किंवा फ्लाइंग राणी ही आपल्याला गाड्यांची नावं वाटतच नाहीत, नात्यातली माणसं वाटतात. फ्लाइंग राणीचे दुमजली डबे २०२३ साली काढले, तेव्हा कितीतरी पासवाले हळहळले. वरच्या मजल्यावर पत्ते खेळत ज्यांची पंचवीस वर्षं गेली, त्यांना विचारा.

या अप-डाउनमध्ये मुलांना मित्र मिळतात. कुणी नवसारीचा पारशी, कुणी भरुचचा वोरा, कुणी सौराष्ट्रातला पटेल, कुणी ओडिशातल्या गंजामचा, आणि कुणी ताप्ती लाइनवरच्या अमळनेर-नंदुरबारचा, अहिराणी बोलणारा. आपल्या पिढीला शेजारी मिळाले ते फळियातले आणि सोसायटीतले. या मुलांना ते गाडीच्या डब्यात मिळतात. दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, कुणाच्या लग्नाची पत्रिका डब्यात वाटली जाते, आणि एखादा चार दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी फोन जातो. ज्याला आपण ‘मुलं एकटी पडली’ म्हणतो, ते चित्र पुरतं खरं नाही.

आणि खाणं! ‘सुरतनुं जमण’ ही म्हण आपण आयुष्यभर ऐकली, पण तिच्यावर अंमल ही मुलं करतात. सकाळी लोचो, रात्री उशिरा रांदेरची आलूपुरी, उन्हाळ्यात थंड कोको. थंडी पडली की तापीकाठी कोवळ्या ज्वारीचा पोंक आणि त्यावर लिंबू-मिरीची शेव. संक्रांतीला उंधियू, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदी पडव्याला, घारी. ही घारी म्हणजे आपल्या भोपळ्याच्या घाऱ्या नव्हेत. ही खव्याची, पिस्त्याची, वर तुपाचा जाड थर. १८५७ च्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या शिपायांसाठी ती पहिल्यांदा केली, अशी आख्यायिका सुरतेत सांगतात. तिला पुरावा मागू नये. मराठी माणसाला घारीचा दुसरा घास घ्यायला तेवढं निमित्त पुरतं.

तेव्हा प्रवास झाला, मित्र झाले, खाणंही झालं. मग राहिलं काय? आमच्या मते एक गोष्ट राहिली. ज्या हातांनी ही सुरत केली, त्या हातांची ओळख राहिली. आणि ती मुलांचीच नव्हे, आपल्या सगळ्यांचीच राहिली.

सुरत आणि मराठी माणूस म्हटलं की कुणीतरी १६६४ आणि १६७० ची आठवण काढतोच. गुजराती मित्र चेष्टेनं म्हणतात, तुम्ही आमची सुरत लुटलीत. आपण हसतो आणि विषय बदलतो. पण खरा प्रश्न वेगळा आहे. शिवाजी महाराजांना दोनदा यावंसं वाटावं इतकं या गावात होतं काय? बंदर होतं, सावकार होते, हे खरंच. पण त्या बंदरातून जगभर जायचं ते कापड, जर, हस्तिदंती काम, म्हणजे हातांनी केलेलं काम. सावकारांच्या पेढ्या गेल्या, गलबतं गेली. हातांचं काम अजून पुरतं गेलेलं नाही.

जरीचंच पाहू. आपल्या प्रत्येक घरात कपाटात एक तरी पैठणी आहे, मलमलीत गुंडाळून, वर्षातून दोनदा ऊन दाखवून जपलेली. आपण म्हणतो, ही आमची महाराष्ट्राची. अगदी बरोबर. पण येवल्याच्या मागावर पदर विणताना जी जर लागते, ती सुरतेहून जाते. कांजीवरमला आणि बनारसलाही जाते. म्हणजे आजीनं गावाकडून आणलेल्या पैठणीतली जर इथूनच गेलेली असू शकते. ती परत माहेरी आली म्हणा ना.

ही जर होते कशी? खऱ्या जरीसाठी चांदीची कांब लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढत नेतात, अगदी केसासारखी बारीक तार होईपर्यंत. मग ती रुळांमध्ये दाबून चपटी करतात, तो बादला. हा बादला रेशमाच्या धाग्यावर असा गुंडाळायचा की आतलं रेशीम कुठे दिसता कामा नये. शेवटी सोन्याचं पाणी. इमिटेशन जरीत चांदीच्या जागी तांब्याची तार असते आणि तिला चांदीचा मुलामा देतात. तिसरी प्लास्टिकची जर, चमकणाऱ्या पातळ फिल्मच्या पट्ट्यांची. तिन्ही लांबून सारख्याच चमकतात. आम्ही डिप्लोमाला असताना फिटिंगच्या तासाला लोखंडाचा एक तुकडा चौकोनी घासायला आठवडा जायचा, तरी कोन चुकायचा. त्यामुळे केसाएवढी तार न तोडता ओढणाऱ्याची किंमत आम्हाला जरा लवकर कळते.

गोलवाडासारख्या जुन्या वस्तीत राणा समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं. स्टेशनला जाता-येता आपण त्याच भागाजवळून जातो, पण आत किती जण शिरलो?

दुसरं काम सादेलीचं. हे इराणातून आलं असं मानतात, आणि सुरतेत ते पारशी घरांनी जोपासलं. पेटीगारा हे आडनावच त्यातून आलं. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाच्या, हाडाच्या, धातूच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची, मग तिच्या आडव्या पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटते. त्या चकत्या सागवानी पेटीवर बसवायच्या. आपल्या आया दिवाळीत नानकटाईची वळी कापतात, त्याच हिशेबाचं काम, फक्त इथे अर्ध्या सुताची चूकही चालत नाही.

तिसरं भरुचच्या सुजनीचं. दहेजला जाणारी आपली मुलं रोज नर्मदा ओलांडतात. तिथंच, भरुचमध्ये, सुजनी विणतात. ती गोधडीसारखी शिवलेली नसते. मागावर विणता विणताच चौकोनी कप्पे तयार होतात आणि त्यांत कापूस भरला जातो. त्यासाठी मागावर दोन माणसं लागतात आणि दोघांची लय जमावी लागते. आपल्याकडे गोधडीला आजीची ऊब म्हणतात. भरुचच्या घरांतही सुजनीबद्दल असंच काही म्हणत असतील.

आणि चौथे हात तर आपलेच. उधना, लिंबायत, दिंडोलीकडे यंत्रमागांवर उभे असलेले कितीतरी कामगार खानदेशातून आलेले आहेत. सकाळी त्यांच्या डब्यात कळण्याची भाकरी असते आणि तोंडात अहिराणी. सुरतेची जी साडी देशभर जाते, तिच्यात त्यांच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत. महानगरपालिकेच्या मराठी शाळांच्या वर्गांत त्यांची मुलं बसतात. आपल्यापैकी जुन्या घरांनी शहरात मराठी पुस्तकं, नाटकं, मंडळं आणली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण या शहरात रोज सर्वांत जास्त मराठी बोललं जातं ते बहुधा त्या मागांच्या खडखडाटात, हेही मान्य केलं पाहिजे. आपल्या मुलांनी हे अंतर गाडीच्या डब्यात केव्हाच ओलांडलं आहे. आपण मोठी माणसं अजून स्टेशनवरच आहोत.

आता काळजीची गोष्ट. जर करणाऱ्याचा मुलगाही आज अप-डाउनच करतो. तोही कुठल्या तरी कंपनीत, कुठल्या तरी शिफ्टमध्ये आहे. त्याला दोष कसा द्यायचा? आपणही आपल्या मुलांना तेच सांगितलं, पक्की नोकरी बघ. वडिलांच्या हातातलं कसब त्याला रोजची भाजी देत नसेल तर तो ते का शिकेल? कुठलीही कला कौतुकावर जगत नाही, ती गिऱ्हाइकावर जगते. आणि या घडीला सुरतेत महिन्याच्या महिन्याला पगार घेणारं गिऱ्हाईक कोण आहे? तुम्ही, मागच्या रांगेतल्या मित्रांनो. तुम्ही मॉलमध्ये बुटांच्या जोडीला जेवढे देता, तेवढ्यात सादेलीची एखादी लहान वस्तू येऊ शकते.

म्हणून तीन विनंत्या आहेत. मोठ्या नाहीत.

पहिली आया-बहिणींना. येत्या लग्नसराईत पैठणी किंवा शालू घेताना दुकानदाराला विचारा, जर खरी, इमिटेशन की प्लास्टिकची? ऐपतीप्रमाणे कुठलीही घ्या, पण विचारून घ्या. विचारणारं गिऱ्हाईक आलं की खरं काम करणाऱ्याला धीर येतो. आणि जुनं जरीचं लुगडं बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात देण्याआधी जरा थांबा. त्यात चांदी असेल.

दुसरी मंडळाला. आपली सहल दरवर्षी लांब जाते. एक रविवार गावातच काढू. सकाळी जरीचं काम, दुपारी सादेली, संध्याकाळी तापीकाठी पोंक. पाहायला जाऊ तेव्हा घासाघीस करायची नाही, एवढा एकच नियम. पुढच्या उत्सवात एखाद्या संध्याकाळी ऑर्केस्ट्राऐवजी मांडवात एक कारागीर बसवू. त्याला दिवसाची मजुरी आणि शाल-नारळ, दोन्ही देऊ.

तिसरी तरुणांना. तुमच्या डब्यातल्या त्या अमळनेरच्या, नंदुरबारच्या मित्राला पुढच्या आरतीला घरच्यांसह घेऊन या, आणि त्याच्या वस्तीतल्या गणपतीला आपण सगळे जाऊ. तिथे भरीत आणि वरण-बट्टी मिळाली तर नको म्हणू नका. भाषा पाठ करून टिकत नाही. ती कुणाशी तरी बोलावी लागते, आणि बोलायला माणसं आपल्याच शहरात आहेत.

समोर बाप्पा बसले आहेत. मूर्ती कुणाच्या तरी हातची, मखर कुणाच्या तरी हातचं, आणि खांद्यावरच्या शेल्याचा काठ पाहा, तोही कुणीतरी विणला, त्याची जर कुणीतरी ओढली. काही दिवसांनी आपण कृत्रिम तलावात मूर्तीचं विसर्जन करू. शेला मात्र उतरवून घरी आणतो, पुढच्या वर्षासाठी. त्याची घडी घालताना त्या हातांची एकदा आठवण काढू या.

गणपती बाप्पा मोरया!