राखेखालचा निखारा

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



आमच्या लहानपणी रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवीत. पहाटे राख सारली की विस्तव तयार असे. आज ज्या विद्युत्घटांविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांचे मर्म हेच आहे.

आपल्या परिचयाची बॅटरी उन्हाळ्याला भिते. रोहिणी येथे २०१९ साली १० मेगावॉटचे लिथियम-आयन संचयकेंद्र सुरू झाले. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीचा पारा ४९ अंशांवर गेला. अशा दिवसांत हे घट थंड राखण्यासाठीच वीज खर्चावी लागते. उलट सोडियम-गंधकाचा घट ३०० ते ३५० अंशांवरच काम करतो. बाहेरच्या उन्हाची त्याला क्षिती नाही. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी तो पुढे आणला. एका बाजूस वितळलेले सोडियम, दुसऱ्या बाजूस वितळलेले गंधक आणि मध्ये बीटा-ॲल्युमिना या चिनी मातीसारख्या पदार्थाची भिंत. ही भिंत सोडियमच्या आयनांना वाट देते. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेतून जातात व आपले काम करतात. शिवाय दोन्ही द्रव्ये विपुल आणि स्वस्त.

मग रस्त्यावर हे घट का दिसत नाहीत? एक तर निखारा विझू देता येत नाही. गाडी काही दिवस उभी राहिली, तर ऊब राखण्यातच साठा सरतो. दुसरे, भिंत तडकली की सोडियम आणि गंधक एकमेकांना भिडतात. १९९४ मध्ये चाचणीच्या गाड्यांना आणि २०११ मध्ये जपानमधील एका संचयकेंद्राला आग लागली. प्रिटोरियातील संशोधकांनी गंधकाऐवजी निकेल क्लोराइड योजून हा धोका पुष्कळ कमी केला. तरीही रोज भरणारे व रोज रिते होणारे, एका जागी स्थिर असलेले केंद्र, हेच अशा घटांचे खरे घर होय.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. जून २०२४ मध्ये दिल्लीची विजेची मागणी ८,६०० मेगावॉटच्या पुढे गेली. सूर्य मावळतो, पण उकाडा मावळत नाही. रात्री तान्ह्या मुलाला वारा घालीत बसलेल्या आईला साठवलेल्या विजेचे मोल सांगावे लागत नाही.

आपल्या मुलांपैकी कोणी या विद्येकडे वळले, तर या महोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.