अध्यक्षीय भाषण : सार्वजनिक न्यासाचा कारभार आणि त्याचा हिशेब

महाराष्ट्रातील बहुतेक सेवाभावी संस्थांची नोंदणी दुहेरी असते. वाचनालय, साहित्य संघ, शिक्षण मंडळ किंवा रुग्णालय चालवणारी मंडळी आधी १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदवतात. पुढे तीच संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. अनेक संस्थांच्या नोंदणी क्रमांकाआधी दिसणारे ‘एफ’ हे अक्षर या दुहेरीपणाची खूण आहे. या नोंदणीबरोबर कार्यकारिणीचे सदस्य कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त होतात. घटनेत त्यांना अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष काहीही म्हटलेले असो, संस्थेची मालमत्ता ते दुसऱ्यांसाठी सांभाळत असतात आणि त्या सांभाळण्याचा हिशेब देणे त्यांच्यावर बंधनकारक असते.

न्यासाची कायदेशीर कुंडली धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत असते. तिला व्यवहारात ‘शेड्यूल एक’ म्हणतात. न्यासाचे नाव, पत्ता, विश्वस्तांची नावे, त्यांच्या नेमणुकीची पद्धत, उद्देश, स्थावर आणि जंगम मालमत्ता हे सारे तीत नोंदलेले असते. यांपैकी काहीही बदलले की कलम २२नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. सर्वांच्या तोंडी त्याचे नाव ‘चेंज रिपोर्ट’ असेच आहे. विश्वस्ताचे निधन, राजीनामा, निवडणुकीने आलेली नवी कार्यकारिणी, विकत घेतलेली जागा, प्रत्येकासाठी हा अर्ज लागतो. सोबत सभेची नोटीस, ती सर्वांना मिळाल्याचा पुरावा, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे आणि गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले जोडावे लागतात.

संस्था सर्वांत जास्त अडकतात त्या याच ठिकाणी. निवडणूक रीतसर होते, हारतुरे होतात, पण अर्ज राहून जातो. तीन-पाच वर्षांनी पुढची निवडणूक येते तेव्हा नोंदवहीत आधीच्याच्या आधीचे मंडळ असते. मग नव्या मंडळाला निवडून देणाऱ्या सभेची नोटीस काढण्याचा अधिकार कुणाला होता, असा प्रश्न उभा राहतो. एक बदल प्रलंबित राहिला की त्यामागचे सारे त्याच्या निकालासाठी खोळंबतात. बँक सह्या बदलून देत नाही, देणगीदार कंपनी अद्ययावत उतारा मागते आणि एखाद्या जुन्या सभासदाचा आक्षेप अर्जावर आला की अर्जाची चौकशी दाव्यासारखी लांबते. २०१७च्या दुरुस्तीने तात्पुरत्या मंजुरीची आणि विलंब माफ करण्याची सोय झाली, पण वेळेवर ठेवलेल्या कागदांना ती पर्याय ठरत नाही. संस्थांमधल्या कित्येक भांडणांचे मूळ पैशाच्या अपहारात नसते. ते कधीच न पाठवलेल्या नोटिशीत सापडते.

दुसरे मोठे कर्तव्य हिशेबाचे. कलम ३२ ते ३४नुसार हिशेब नियमित ठेवायचे, दरवर्षी मिटवायचे आणि तपासून घ्यायचे. ताळेबंद नमुना आठमध्ये, उत्पन्न-खर्च पत्रक नमुना नऊमध्ये. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे मार्चअखेर हिशेब मिटवणाऱ्या संस्थेसाठी सप्टेंबरअखेर, लेखापरीक्षण पुरे व्हावे लागते. अहवालाची प्रत धर्मादाय कार्यालयाकडे पाठवणे हे लेखापरीक्षकाचे स्वतःचे कर्तव्य आहे. विश्वस्तांना नको असलेला शेरा त्यांना फाईलमध्ये दडवता येऊ नये, हा त्यामागचा विचार उघड आहे.

हा अहवाल केवळ बेरजांचा नसतो. नियम १९ लेखापरीक्षकाला जे विचारतो त्यातला मोठा भाग कारभाराविषयी आहे. इतिवृत्ताची वही ठेवली आहे का? सभा घटनेप्रमाणे होतात का? विश्वस्तांची संख्या ठरलेल्या मर्यादेत आहे का? कुणा विश्वस्ताकडे न्यासाचे पैसे येणे आहेत का? गुंतवणुकीत कुणाचा हितसंबंध आहे का? मागच्या अहवालातील त्रुटी दूर केल्या का? ५,००० रुपयांवरील बांधकामाला किंवा दुरुस्तीला निविदा मागवल्या का, हाही प्रश्न त्यात आहे. आज एवढ्या रकमेत एका खोलीची रंगरंगोटीही धड होत नाही, तरी दरपत्रके मागवण्याची सवय म्हणून त्या अटीचा उपयोग आहे. या प्रश्नांची उत्तरे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तयार करता येत नाहीत. ती वर्षभर लिहिलेल्या वहीतच असतात किंवा नसतात. अनेक संस्था हा अहवाल लेखापालाची बाब समजून न वाचताच सही करतात. वार्षिक सभेत तो पुरता वाचला गेला, तर सभासदांना संस्थेची प्रकृती कोणत्याही गौरव-वृत्तान्तापेक्षा नेमकी कळेल.

ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या न्यासाने वर्ष सुरू होण्यापूर्वी किमान एक महिना आधी अंदाजपत्रक द्यायचे असते. ही तरतूद कलम ३१अ मध्ये आहे आणि ती सर्वाधिक दुर्लक्षित आहे. स्थावर मालमत्तेबाबत कायदा जास्त कडक आहे. ती विकणे, शेतजमीन १० वर्षांहून किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देणे यासाठी कलम ३६नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. तात्पुरत्या वर्गणीलाही कलम ४१क मध्ये परवानगी सांगितली आहे. गणेशोत्सव मंडळांना ती चांगलीच माहीत असते.

प्राप्तिकर हा वेगळा विभाग आणि वेगळी भाषा. १९६१च्या प्राप्तिकर अधिनियमात करमाफीसाठी कलम १२एबीची आणि देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ८०जीची नोंदणी होती. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा अधिनियम लागू झाल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. जुन्या व्यवस्थेतील मुख्य अटी मात्र समजून ठेवण्यासारख्या आहेत. उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी उद्देशांवर खर्च व्हावेत, नाहीतर शिल्लक कशासाठी राखून ठेवली ते मुदतीत कळवावे. २,००० रुपयांवरील रोख देणगीवर देणगीदाराला सवलत नाही. ज्यांच्या देणगीवर सवलत मिळायची त्यांचे विवरण १०बीडी नमुन्यात ३१ मेपर्यंत भरायचे, उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क. या विवरणावरून प्रमाणपत्र तयार होते आणि सवलत त्याच्यावर अवलंबून असते. पावती पुस्तकात देणगीदाराचा पॅन लिहून घेतला नाही, तर मे महिन्यात त्याला शोधत फिरण्याखेरीज उपाय उरत नाही.

परदेशी निधीचे नियम सर्वांत कठोर आहेत. २०२०च्या दुरुस्तीनंतर हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यात स्वीकारता येतो, तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. वार्षिक विवरण, नमुना एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे. निधी न आलेल्या वर्षीही ते शून्य रकमेचे भरावे लागते.

या साऱ्या बंधनांचा काच लहान संस्थांना जास्त होतो, हे खरे आहे. खेड्यातल्या वाचनालयाला आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला जवळपास तेच नमुने भरावे लागतात. ते सोपे करून मागण्याचा हक्क संस्थांना आहे आणि त्यांनी तो संघटितपणे बजावायला हवा. मात्र ती मागणी ज्यांच्या वह्या पूर्ण आहेत त्यांच्याच तोंडी शोभते. म्हणून प्रत्येक कार्यवाहाने या वर्षी आपल्या न्यासाचा शेड्यूल एकचा उतारा काढावा, त्यातील नावे आजच्या कार्यकारिणीशी ताडून पाहावीत आणि फरक आढळल्यास बदल अर्जाचे काम पुढच्या निवडणुकीआधी मार्गी लावावे.